दक्षिणेची मोरी

घर बघायला आलेला माणूस आधी वर बघतो. तुळया बघतो, खिडक्यांची नक्षी बघतो, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवतो. मी कुणाच्याही घरी गेलो की आधी खाली बघतो. अंगण कुठल्या अंगाला कललंय, भिंतीच्या बुडाशी हिरवट पट्टा धरलाय का, तुळशीपाशी चिखल राहतो का. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो तेव्हाही हेच केलं. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "अहो, मुलगा बघायचा होता." मी म्हटलं, मुलगा बरा दिसतोय, पण त्यांच्या घराला पश्चिमेकडून ओल लागलीय. लग्न झालं, जावई खरोखर चांगला निघाला, आणि ती पश्चिमेची भिंत पुढं मीच दुरुस्त करून दिली.

या अंकासाठी माझ्या हातून झालेल्या मोठ्या इमारतींविषयी लिहावं, असा निरोप आला. मोठ्या इमारतीही झाल्या. शाळा झाल्या, जिनिंगची गोदामं झाली, एक धर्मशाळाही झाली. त्यांच्यावर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांना माझ्या लेखाची गरज नाही. घराशेजारच्या अंगणांवर मात्र कुणी पाटी लावत नाही, आणि धुळे-जळगावात मिस्त्री म्हणून जन्म काढल्यावर माझ्या स्वप्नात येतात ती अंगणंच. म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

अंगणात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण घरावर पडलेला सगळा पाऊस शेवटी अंगणात उतरतो. आमच्या खानदेशात तेव्हा बहुतेक घरं धाब्याची. वर कौलं नाहीत, लाकडांवर पसरलेली खारी माती आणि कडेनं बाहेर काढलेल्या पन्हाळी. आषाढात एकेका पन्हाळीतून मांडीएवढी धार जोत्याशी आदळते. ते पाणी भिंतीला न चिकटता घरापासून दूर गेलं पाहिजे, एवढीच आमची विद्या. त्यासाठी फरशीला ढाळ द्यायचा, साधारण चार फुटांना इंचभर. त्याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतं. जास्त दिला तर म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात आणि वाळत घातलेली ज्वारी घरंगळत जाऊन कोपऱ्यात बसते. पाण्याला कळावा आणि माणसाला कळू नये, असा ढाळ जमला की मिस्त्रीनं समाधानानं विडी ओढावी.

हे सोपं वाटेल, पण खाली आमची काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि वरची शहाबादी फरशी पापडासारखी उचलते. दोन माणसांना न हलणारा दगड नुसत्या ओल्या मातीनं वर आलेला मी पाहिलाय. त्या मातीपुढे मी आजही हात जोडतो. तिच्याशी भांडून उपयोग नसतो, तिला खोदून बाजूला काढायचं, मुरूम भरायचा, पाणी मारत धुम्मस करायची, म्हणजे तो ठोकून ठोकून दाबायचा, आणि मग वर दगड बसवायचा. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. सगळं काम चुन्यात. बैलानं फिरवलेल्या घाण्यात चुना मळायचा, त्यात गुळाचं पाणी घालायचं, आणि वास असा सुटायचा की मुंग्या मिस्त्रीच्या आधी कामावर हजर.

गिऱ्हाइकांना मात्र ढाळ पटत नसे. धुळ्याच्या एका सरकीच्या व्यापाऱ्यानं मला पाणसळ लावून जमिनीची पातळी बघत घाम गाळताना पाहिलं आणि खाटेवरून म्हणाला, "मिस्तरी, माले आंगन आरसासारखं पाह्यजे. बठ्ठं सपाट. ढाळ कसाले? मी काय घसरगुंडी बांधी राहिनू का?" मी समजावलं, तो हसला, मी पुन्हा समजावलं, त्यानं चहा मागवला. शेवटी त्याच्या मनासारखं सपाट करून दिलं. श्रावणात त्याचा गडी सायकल हाणत माझ्या दारात आला. शेटजी पाय वर घेऊन खाटेवर बसलेत, खाटेखालून पाणी वाहतंय आणि निरोप असा आहे म्हणाला, "तुमना तो ढाळ लई या बरं." ढाळ द्यायला मी गेलो. जाताना मनातल्या मनात बराच हसलो, हे लपवत नाही.

आता जे सांगायचंय ते तापीपलीकडचं. घरचं पाणी उत्तरेला किंवा पूर्वेला जावं, ईशान्येला गेलं तर फारच चांगलं, पण दक्षिणेला जाऊ नये, कारण ती यमाची दिशा, असं आमच्याकडे सगळेच मानतात. धुळ्याला आणि जळगावला याची मला कधी अडचण आली नाही. तापीच्या या अंगाला जमीन मुळातच तापीकडे, म्हणजे उत्तरेकडे उतरते. लोकांचा समज आणि जमिनीचा कल एकाच बाजूला, त्यामुळे मी दोघांचाही लाडका. तापी ओलांडली की सगळं उलटं. सावदा, रावेर या पट्ट्यात उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी. तिथं सगळी जमीन दक्षिणेला उतरते. पाणी तिथं दक्षिणेखेरीज कुठं जाणार? तिथले लोक यावर फार बोलत नाहीत. मोरी ठेवताना भिंतीत जरा तिरपी ठेवतात, आग्नेयेला म्हणा, नैर्ऋत्येला म्हणा, आणि विषय संपवतात. अंगणाच्या भिंतीच्या बुडाशी पाणी जायला ठेवलेलं भोक, त्याला आम्ही मोरी म्हणतो.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, अजून मुंबई राज्यच होतं. मी सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याच्या वखारीचं काम करत होतो. चैत्रातल्या दुपारी एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, धोतर, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. रावेरच्या वाटेवरच्या एका गावचे बागाईतदार. सगळे त्यांना नाना म्हणत.

"आमच्या दादाच्या घराचं आंगन करून द्या," नाना म्हणाले. "घर नवंच हाये. पन भिंतीले पोट आलं. पानकळ्याच्या आत झालं पाह्यजे."

नवं घर, भिंतीला पोट आणि पावसाळा तोंडावर, हे ऐकून मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

घर खरंच देखणं होतं. केळीच्या दोन चांगल्या हंगामांवर उभं राहिलेलं, पूर्वेला तोंड, दगडी जोतं, वर विटांच्या भिंती. विटा मात्र मातीत बांधलेल्या. दक्षिणेच्या अंगाला घराला लागून मोठं अंगण, त्याभोवती दगडी कुंपणभिंत. अंगणाच्या बाजूला एक खोली, आणि तिचीच भिंत पोट काढून बाहेर आली होती. विटांमधून बोट जाईल एवढी फट. बाहेरून दोन लाकडी टेकू लावले होते. जोत्यावर हातभर उंचीपर्यंत खारवलेला पांढरा पट्टा. हे बघायला मिस्त्री लागत नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी या भिंतीशी तुंबून राहिलं होतं.

मी पाण्याची वाट शोधली. अंगणाचा कल दक्षिणेला होता, बरोबर होता. कुंपणभिंतीच्या बुडाशी मोरीही होती, पण तिच्यात एक मोठा दगड बसवून चुन्यानं गच्च लिंपलेला. कुणीतरी कुत्री-डुकरं आत येऊ नयेत म्हणून बुजवली असेल, असं मला वाटलं. माझ्या बिगाऱ्याला म्हटलं, लाव पहार. पहारेचा पहिला घाव पडला आणि ओसरीवरून एक उंच म्हातारा अनवाणी धावत आला. त्यानं पहारेचं टोक पायाखाली दाबलं.

"त्याले हात लावू नका, मिस्त्री," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण बिगाऱ्यानं पहार सोडून दिली.

ते आबा, नानांचे थोरले भाऊ, घराचे मालक. ते मोरीपाशीच उभे राहिले. नानांनी मला विहिरीवर नेलं आणि तिथं सांगितलं. घर बांधलं तेव्हा मोरी दक्षिणेला ठेवली, जमीनच तशी. वास्तुशांत झाली. आणि त्याच पावसाळ्यात आबांचा एकुलता मुलगा रघू केळीच्या बागेत पाणी धरताना साप चावून गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, बायको गरोदर. दुखवट्याला आलेल्या कुणीतरी ओसरीत बसून म्हटलं, घराचं पाणी यमाच्या अंगाला सोडलं, आणखी काय व्हायचं. तेराव्याला पाहुणे उठले आणि आबांनी स्वतः चुना कालवून ती मोरी बुजवली. नंतर भादव्याचा पाऊस आला. अंगणाचं तळं झालं, पाणी मागं हटत हटत खोलीच्या भिंतीशी आलं. आबा ओसरीत बसून ते पाणी बघत राहिले, पण मोरी उघडू दिली नाही.

"आन् ती खोली रघूची," नाना म्हणाले. "सून तिथंच निजते, लेकराले घेऊन. दुसऱ्या खोलीत जाय म्हटलं तं जात नाही. त्याची टोपी अजून तिथं खुंटीले हाये."

मग मला कामाचा सगळा भार कळला. भिंत दुरुस्त करणं माझ्या हातचं होतं. पण पाणी तसंच तुंबलं तर नवी भिंतही पुढच्या भादव्यात बसणार, आणि तिच्याखाली कोण झोपलेलं असेल ते मला माहीत होतं.

मी दोर आणि पाणसळ घेऊन सगळ्या बाजू तपासल्या. पूर्वेला गल्ली होती, पण केळीच्या गाड्या रुततात म्हणून गावानं तिच्यावर मुरूम टाकून ती गुडघाभर उंच केलेली. पूर्वेला पाणी काढायचं तर अख्खं अंगण गल्लीच्या वर आणावं लागलं असतं, म्हणजे खोलीचा उंबराच मातीत गाडायचा. पश्चिमेला नानांचं घर, भिंतीला भिंत. उत्तरेला खुद्द आबांचं घर. शोषखड्डा खणून पाहिला. त्यात संध्याकाळी हंडे ओतले, सकाळी पाणी जिथल्या तिथं, वर एक बेडूक. काळ्या मातीला पाणी पिववत नाही.

त्या संध्याकाळी पन्हाळी तपासायला मी धाब्यावर चढलो. आणि जे दिसलं त्यानं मी खाली बसलोच. उत्तरेला सातपुडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा. त्याच्या पायथ्यापासून जमीन सरळ उतरत आलेली. केळीच्या बागा, गाडवाटा, ओढे, विहिरींचे पाट, सगळे एकाच अंगाला निघालेले. गावातल्या गल्ल्यासुद्धा तिकडेच वळलेल्या. आणि खाली दूरवर तापीकाठच्या झाडांची काळी रेघ. मी आयुष्यभर वीस-पंचवीस फुटांच्या फरशीला ढाळ देताना चारदा दोर ताणायचो आणि तरी कुठंतरी वाटीएवढं पाणी राहायचंच. इथं डोंगरापासून नदीपर्यंत कोसच्या कोस जमीन, आणि कुठं एक खोट नाही. पडलेला प्रत्येक थेंब तापीला पोचतो. हा दोर कुणी धरला असेल? मी देवभोळा नाही, पण त्या धाब्यावर मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. माझा धंदा केवढा जुना आहे आणि मी त्यात केवढासा आहे, ते मला तिथं कळलं.

खाली उतरून मी आबांना सांगितलं, जे पाहिलं ते सगळं. म्हटलं, आबा, मी कुठूनही काढलं तरी हे पाणी शेवटी दक्षिणेलाच जाणार. सगळा मुलुखच तिकडे कललाय.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुलुखाचं मुलुख जाने. माह्या घरातून जायाचं नाही." ओसरीकडे वळताना पुन्हा म्हणाले, "एक गेलं ते बस झालं, मिस्त्री."

मी रागीट माणूस आहे. अडाणीपणावर मी पुष्कळ गिऱ्हाइकांशी भांडलोय, अवजारं उचलून निघूनही आलोय. पण हा अडाणीपणा नव्हता. त्या माणसाला ज्या वाटेनं मुलगा गेला असं वाटत होतं, ती वाट त्यानं हातानं बंद केली होती, आणि मी त्याला ती उघडायला सांगत होतो. मी खोलीच्या टेकूंना आणखी एक टेकू लावला आणि फरशांखाली भरायचा मुरूम आणून ढीग लावायला घेतला. पाण्याचा निकाल लागला नव्हता, पण हात रिकामे ठेवून बसवेना.

अशात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशात ती दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात, पुरुष पत्ते कुटतात. पण त्याच दिवशी सकाळी घराघरांत गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे, आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप घालून पुरणपोळीचा घास सोडायचा. गेलेलं माणूस त्या दिवशी पाणी प्यायला येतं म्हणतात. काम बंद होतं. नानांनी मला जेवायला थांबवून घेतलं.

त्या घरातली रघूच्या नावाची ती पहिली घागर. ओसरीत ती मांडली. गेलेल्याला पाणी मुलानं द्यायचं, आणि मुलगा म्हणजे नुकतं बसायला लागलेलं, बापाला न पाहिलेलं लेकरू. आबांनी त्याला मांडीवर घेतलं. त्या लेकराची इवलीशी मूठ उघडून आपल्या तळहातावर धरली, नानांनी तांब्यातून पाणी घातलं, आणि आबांनी नातवाच्या बोटांवरून ते खाली सोडलं. लेकराला पाण्याची गंमत वाटली आणि ते खुदकन हसलं. ओसरीत बसलेल्या कुणालाच मान वर करवेना. मलाही नाही.

रघूची बायको, कुसुम तिचं नाव, खोलीच्या दाराशी पदर डोक्यावरून पुढं ओढून उभी होती. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. सासऱ्यासमोर सुना तेव्हा बोलतच नसत, आणि ही तर घरात कुणाशीच फार बोलत नसे.

"आबा," ती म्हणाली. "एक इचारू?"

आबांनी मान वळवली. नानांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आता लेकराच्या हातानं पानी सोडलं, ते कोन्या अंगाले तोंड करून सोडलं?"

"दक्षिनेले," आबा म्हणाले. "पितरायचं तिकडीच असते, पोरी."

"मंग त्यायले पानी तिकडूनच पोचते ना?"

"हो."

"मंग आपल्या घराच्या पान्याले तुमी धोंडा कामून लावला, आबा?" ती एक पाऊल पुढं आली. "ते तिकडी गेले. वर्साची एक घागर द्याची, आन् बाकीचं बठ्ठं पानी भिंतीशी अडवून धराचं? जाऊ द्या ना ते त्यायच्याकडी."

एवढं बोलून ती आत गेली. दार मात्र लावलं नाही.

मी त्या क्षणाविषयी पुष्कळ वेळा विचार केलाय. मी पाणसळ घेऊन जे बघत होतो, तेच ती मुलगी त्या पोट आलेल्या भिंतीच्या आतून बघत होती. मला त्यात जमिनीचा कल दिसला, तिला तिचा माणूस दिसला. आणि आबांना जे मी सगळा मुलुख दाखवून पटवू शकलो नाही, ते तिनं त्यांच्याच हातातलं पाणी दाखवून सांगितलं. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. वयानं ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल.

लेकरू आबांच्या ओल्या बोटाशी खेळत होतं. मग त्यांनी ते नानांकडे दिलं, उठले, अंगणात गेले आणि माझ्या अवजारांतली पहार उचलली.

"दादा, आज सन हाये," नाना मागून म्हणाले. "उद्या मिस्त्री करतीन ना."

"आजच," आबा म्हणाले. "आन् मिस्त्री नाही. म्याच लावला."

चुना त्यांनी चांगला कालवला होता. शोकात कालवलेला असूनही असा धरला होता की मिस्त्री म्हणून मला कौतुक वाटलं. त्यांना धाप लागली, धोतराला चुन्याची पांढरी पूड लागली, पण मी मदतीला पुढं झालो नाही आणि त्यांनीही हाक मारली नाही. शेवटी दगड हलला, मग सुटला. मोरीतून बाहेरचा गरम वारा आत आला आणि अंगणातली धूळ उडाली. आबा तिथंच जमिनीवर टेकले आणि लहान मुलासारखे रडले. निंबाखाली पोरी झोक्यावर गात होत्या, त्यांचा आवाज भिंतीवरून येत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी असं काम केलं, जसं त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच केलं असेल. काळी माती मांडीभर खोल काढून टाकली. मुरूम तीन थरांत भरला, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस केली, इतकी की गावातली कुत्री तो आवाज ऐकून अंगणाकडे फिरकेनाशी झाली. पोट आलेली भिंत जोत्यापर्यंत उतरवून पक्क्या विटांत, चुन्यात पुन्हा उभी केली. तेवढे दिवस कुसुम लेकराला घेऊन ओसरीत झोपली. भिंत उतरवायच्या आधी तिनं खुंटीवरची टोपी स्वतः काढून नेली आणि भिंत झाल्यावर मला एवढंच विचारलं, "खुंटी कुठी लावान?" मी तिला जागा दाखवायला सांगितली आणि तिथंच लावली.

मग फरशा. सावद्याच्या स्टेशनावर उतरलेल्या शहाबादी फरशा बैलगाड्यांतून आल्या. घराच्या भिंतीपासून मोरीपर्यंत मी ढाळ धरला, आणि दोन्ही कुशींकडून फरशीतच मधोमध ठेवलेल्या उथळ पन्हळीकडे थोडा थोडा. प्रत्येक फरशी बसवताना मला धाब्यावरून दिसलेला तो उतार आठवायचा आणि हात आपोआप हलका व्हायचा. आबा रोज सकाळी येऊन मोरीपाशी उकिडवे बसत. कधी बिगाऱ्याला पाणी नेऊन देत, कधी नुसतेच बसून राहत.

अंगण झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायची आमची एक रीत आहे. भिंतीशी हंडाभर पाणी सोडायचं आणि त्यावर मूठभर कोंडा टाकायचा. नुसतं पाणी डोळ्याला फसवतं, कोंडा फसवत नाही. तो ज्या वाटेनं सरकेल ती पाण्याची वाट, आणि जिथं गोळा होऊन थांबेल तिथं मिस्त्रीचं नाक कापलं गेलं. मी नवं अंगण पावसावर सोपवून कधीच आलो नाही, आधी कोंडा टाकून बघतोच.

कुसुमनंच हंडा उचलला आणि आपल्या खोलीच्या उंबऱ्याखाली उभी राहिली. लेकरू नानांच्या कडेवर. मी ज्वारीचा कोंडा मुठीत घेऊन वाकलो. तेवढ्यात आबा दिसेनात. मोरीपलीकडे बघायला ते कुंपणभिंतीला वळसा घालून बाहेर गेले होते.

"सोडा," मी म्हटलं.

पाणी फरशीवर पसरलं, एकदा इकडे तिकडे झालं आणि मग निघालं. कोंडा त्याच्यावरून हलत हलत मधल्या पन्हळीत आला, कुठंही न थांबता, कुठंही न अडखळता, आणि मोरीत शिरून दिसेनासा झाला. मी इतकी अंगणं केली, पण पाणी असं घरी निघालेल्या माणसासारखं चालताना मी तेव्हाच पाहिलं.

भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, "आलं रे! आलं!"

मला धंद्याची सवय. मी इकडून ओरडलो, "आबा, धार एकसारखी आहे, का थांबून थांबून येतंय?"

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. म्हणून मी भिंतीला वळसा घालून बाहेर गेलो.

आबा मोरीसमोर गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही तळहात जोडून त्यांनी मोरीखाली धरले होते. ओंजळ भरून पाणी खाली सांडत होतं, बोटांना कोंडा चिकटला होता, आणि सांडलेलं पाणी त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून शेतांकडे, खाली दक्षिणेला निघालं होतं. धार बारीक होत होत थेंबांवर आली. त्यांनी ओंजळ तशीच ठेवली.

"मिस्त्री," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिले म्हना, अजून थोडं सोड."

मी निरोप घेऊन आत धावलो. कुसुमनं दुसरा हंडा आधीच उचलला होता.